पाणी आटवून, पाणी राखून

फेब्रुवारी २०१९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात आणि त्याला लागून असलेल्या डोसेनहाइममध्ये नळांना निळसर पाणी आले. नळाचे पाणी पिऊ नका, वापरू नका, अशी तातडीची सूचना निघाली. नमुने प्रयोगशाळेत गेले आणि त्याच दिवशी निर्वाळा आला की पाण्यात अपायकारक काहीही नाही. लोकांचा जीव भांड्यात पडला.

पाण्याला रंग दिसला की मनात पहिली शंका भेसळीची येते, आणि ती यायलाच हवी. पण अगदी शुद्ध पाणीही किंचित निळे असते, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. पाण्याच्या रेणूतले ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातले बंध सतत थरथरत असतात. ती थरथर लाल प्रकाशाचा थोडासा भाग शोषून घेते आणि मागे निळसर छटा उरते. पेल्यात ती जाणवत नाही. काही मीटर खोल स्वच्छ पाण्यात किंवा हिमनदीच्या भेगेत ती स्पष्ट दिसते. बहुतेक रंगीत पदार्थांचा रंग इलेक्ट्रॉनांच्या हालचालींतून येतो. पाण्याचा रंग मात्र अणूंच्या कंपनातून येतो, आणि असे पदार्थ फार थोडे आहेत.

पाण्यात काय आहे हा एक प्रश्न, आणि पाणी स्वतः काय आहे हा दुसरा. माणसाने पहिला प्रश्न पुष्कळ आधी विचारला. दुसऱ्याकडे, विशेषतः सजीवांच्या संदर्भात, फार उशिरा लक्ष गेले. पाणी ही जीवनाची नुसती पार्श्वभूमी आहे, खरे नाटक प्रथिने आणि जनुके करतात, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती कशी मोडत गेली हे पाहायचे असेल, तर नेकार नदीकाठच्या या एका शहराकडे पाहिले तरी बरेच हाती लागते. हायडेलबर्गच्या प्रयोगशाळांत पाणी आटवून जे कळले तेही मोठे होते. पाणी राखून जे कळले ते त्याहून मोठे ठरले.

रॉबर्ट बुन्सेन १८५२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात आले, तेव्हा पाण्याशी त्यांचा जुना परिचय होता. १८४६ मध्ये ते आइसलंडला गेले होते आणि तिथल्या प्रसिद्ध गायझरच्या नळीत निरनिराळ्या खोलीवर त्यांनी तापमान मोजले होते. वरच्या पाण्याच्या दाबामुळे खालच्या पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. ते पाणी शंभर अंशांपेक्षा जास्त तापूनही द्रवच राहते आणि दाब जरा हलका झाला की एकदम उसळते. गायझरच्या फवाऱ्यामागचा हा कार्यकारणभाव त्यांनी मोजमापांसह मांडला.

हायडेलबर्गमध्ये त्यांना गुस्ताव किर्खहोफ हे पदार्थवैज्ञानिक सहकारी मिळाले. दोघांनी वर्णपटदर्शक तयार केला. एखादा पदार्थ ज्योतीत धरायचा आणि तिचा प्रकाश लोलकातून पाहायचा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी उमटतात. ही तपासणी इतकी संवेदनशील होती की मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतके सोडियमही तिच्यातून सुटत नसे. १८६० मध्ये त्यांनी ऱ्हाइनपलीकडच्या ड्युर्कहाइम गावच्या खनिजजलाचे क्षार तपासले. कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नसलेल्या दोन निळ्या रेषा त्यांना दिसल्या. ते सीझियम होते, वर्णपटाच्या साहाय्याने सापडलेले पहिले मूलद्रव्य. रेषा दिसल्या, पण पदार्थ हाती यायला हवा होता. त्यासाठी सुमारे ४४ हजार किलो खनिजजल आटवावे लागले आणि त्यातून सीझियम क्लोराइड मिळाले जेमतेम सात ग्रॅम. पाण्यातल्या क्षारांच्या पृथक्करणाचा इतका चिकाटीचा प्रयोग त्या काळात क्वचितच दुसरा कुणी केला असेल. त्यात पाण्याची भूमिका मात्र अडथळ्याची होती. ते जितके लवकर वाफ होऊन जाईल तितके बरे.

गंमत अशी, की ते आटणारे पाणी नेमके कशाचे बनले आहे याबद्दलही त्या वर्षी एकवाक्यता नव्हती. जॉन डाल्टन यांनी शतकाच्या आरंभी पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन धरला होता. अनेक रसायनतज्ज्ञ अजून तोच हिशेब वापरत आणि ऑक्सिजनचे वजन ८ मानत. दुसरे काही १६ मानून दोन हायड्रोजन लिहीत. एकाच पदार्थाची सूत्रे पुस्तकागणिक बदलत. हा गोंधळ मिटवण्यासाठी ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत हायडेलबर्गच्या दक्षिणेला असलेल्या कार्ल्सरूह शहरात शंभराहून अधिक रसायनतज्ज्ञ जमले. सभेत ठराव झाला नाही, पण इटलीच्या स्तानिस्लाव कान्निझारो यांनी अव्होगाड्रोच्या जुन्या गृहीतकाचा आधार घेऊन जी मांडणी केली, ती पुढच्या काही वर्षांत सर्वांना पटली. ‘एच-टू-ओ’ हे शाळकरी मुलांच्याही ओठांवर असलेले सूत्र तेव्हा कुठे निर्विवाद झाले.

त्या सभेला हायडेलबर्गहून गेलेल्यांत पंचविशीतले एक रशियन संशोधक होते, दिमित्री मेंडेलीव्ह. आवर्तसारणीला अजून नऊ वर्षे होती. हायडेलबर्गमध्ये राहत्या घरीच प्रयोगशाळा थाटून ते द्रवांच्या केशाकर्षणाचा, म्हणजे बारीक नळीतून द्रव वर चढण्याच्या गुणाचा अभ्यास करत होते. तापमान वाढवत नेले की द्रवाचा पृष्ठताण घटत जातो आणि एका ठरावीक तापमानाला तो शून्य होतो. त्यापुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १८६० मध्ये काढला. आज त्याला क्रांतिक तापमान म्हणतात. पाण्याच्या बाबतीत ते सुमारे ३७४ अंश सेल्सिअस आहे. इतक्या हलक्या रेणूसाठी हा आकडा विलक्षण मोठा आहे, आणि पाण्याच्या रसायनाचे सारे मर्म या विलक्षणपणातच आहे.

पाण्याचा रेणू सरळ नसतो. त्याचे दोन हायड्रोजन ऑक्सिजनशी सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे जास्त ओढतो, म्हणून त्याच्या बाजूला थोडा ऋण आणि हायड्रोजनांच्या बाजूला थोडा धन प्रभार येतो. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध. नेहमीच्या रासायनिक बंधाच्या तुलनेत तो साधारण विसावा हिस्सा बळकट असतो, आणि एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाचा दशलक्षांश एवढ्या अल्पकाळात तुटून दुसरीकडे जुळतो. एक बंध दुबळा, पण प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी असे बंध करू शकतो. या जाळ्याचा परिणाम थेट मोजता येतो. गंधक हा ऑक्सिजनच्याच कुळातला. त्याचे हायड्रोजनबरोबरचे संयुग, हायड्रोजन सल्फाइड, उणे ६० अंशांना उकळते. कुळाचा क्रम पाळायचा तर पाण्याने उणे ७५-८० अंशांच्या आसपास उकळायला हवे होते आणि पृथ्वीवर फक्त वाफ असायला हवी होती.

थंडीतही हे जाळे वेगळे वागते. चार अंशांखाली पाणी थंड होताना प्रसरण पावू लागते. गोठल्यावर रेणू ऐसपैस षटकोनी रचनेत बसतात, म्हणून बर्फाचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि तो तरंगतो. तळे वरून गोठते, तळाशी चार अंशांचे पाणी राहते आणि मासे हिवाळा काढतात. हायडेलबर्गने याच गुणाची दुसरी बाजू भोगली आहे. आइसलंडमधल्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरचा १७८३-८४ चा हिवाळा युरोपात फार कडक गेला. फेब्रुवारी १७८४ मध्ये नेकारचा बर्फ फुटला आणि पुराबरोबर आलेल्या तरंगत्या हिमखंडांनी शहराचा पूल उद्ध्वस्त केला. आज पर्यटक ज्या दगडी पुलावर छायाचित्रे काढतात, तो त्यानंतर बांधलेला आहे.

उन्हाळ्यात हेच जाळे प्राण वाचवते. पाण्याची वाफ करायची तर असंख्य हायड्रोजन बंध तोडावे लागतात, म्हणून त्वचेवरून एक लिटर घाम सुकला की शरीरातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा बाहेरची हवाच शरीरापेक्षा गरम असते आणि घामाखेरीज शरीर थंड ठेवायचा दुसरा मार्ग उरत नाही. मुंबईच्या दमट हवेत पारा कमी असूनही जीव कासावीस होतो, कारण तिथे घाम येतो पण सुकत नाही.

विरघळवण्याची ताकद हा पाण्याचा सर्वांत परिचित गुण. मिठातल्या सोडियम आणि क्लोराइड आयनांमधले आकर्षण पाण्यात जवळजवळ ऐंशी पटींनी कमी होते, आणि प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे पडते. मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचे ठोके, मूत्रपिंडाची गाळणी हे सारे अशा विरघळलेल्या आयनांवर चालते. पण जिवांच्या दृष्टीने पाणी काय विरघळवत नाही, हेही तितकेच निर्णायक आहे. तेलकट रेणूंशी हायड्रोजन बंध जुळत नाहीत. पाण्याचे जाळे त्यांना सामावून घेत नाही, आणि ते एकमेकांजवळ ढकलले जातात. पेशीचे पटल याच कारणाने तयार होते: स्निग्ध शेपट्या आत, पाण्याला धार्जिणी डोकी बाहेर. प्रथिनाची लांब साखळी घडी घालून नेमक्या आकारात येते, त्यामागचे एक मोठे बळ हेच आहे, असे वॉल्टर कौझमान यांनी १९५९ मध्ये मांडले. साखळी तीच ठेवून पाणी काढून घेतले, तर ती घडी पडत नाही.

पाणी प्रत्यक्ष रासायनिक प्रक्रियेतही भाग घेते. पेशीचे ऊर्जाचलन म्हणजे एटीपी हा रेणू. स्नायूंच्या रसायनावर काम करणारे नोबेल विजेते ओटो मायरहोफ यांच्या गटातील कार्ल लोमान यांनी तो १९२९ मध्ये शोधला. त्याच सुमारास हा गट हायडेलबर्गमधल्या कैसर विल्हेल्म संस्थेत आला. मायरहोफ ज्यू होते. १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. एटीपीमधून ऊर्जा मिळते ती त्यावर पाण्याचा रेणू येऊन फॉस्फेट सुटे होते तेव्हा. माणूस दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतके एटीपी मोडतो आणि पुन्हा जोडतो. त्यात प्रत्येक वेळी पाणी खर्ची पडते आणि परत मिळते. श्वासातल्या ऑक्सिजनचा शेवटही पेशीत पाणी होऊनच होतो. उलट दिशेने, हिरवी पाने पाण्याचा रेणू फोडतात. सॅम्युअल रूबेन आणि मार्टिन कॅमेन यांनी १९४१ मध्ये ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून दाखवले, की झाडे सोडतात तो प्राणवायू कार्बन डायऑक्साइडमधला नसून पाण्यातला असतो.

एवढे कळल्यावरही एक मोठी अडचण शिल्लक होती. पाण्यातला जीव पाहायचा कसा? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३० च्या दशकात आला आणि प्रकाशाला न दिसणारे विषाणूही दिसू लागले. पण त्याच्या आत निर्वात पोकळी लागते आणि पोकळीत पाणी क्षणात उडून जाते. म्हणून नमुने वाळवायचे, त्यांवर जड धातूंच्या क्षारांचा लेप द्यायचा आणि मग पाहायचे, अशी पद्धत रूढ झाली. पाहायला मिळत ते सुकलेल्या, आकसलेल्या रेणूंचे ठसे. नमुना नुसता गोठवावा तर बर्फाचे स्फटिक प्रथिनांना चिरडतात आणि इलेक्ट्रॉनांना भलतीकडे वळवतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे केनेथ टेलर आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी १९७४ मध्ये गोठवलेल्या, पाणी टिकवलेल्या प्रथिन-स्फटिकाचे चित्र मिळवून दिशा दाखवली होती. परंतु कोणत्याही नमुन्याला चालेल असा मार्ग सापडला नव्हता.

तो हायडेलबर्गमध्ये सापडला. शहराच्या दक्षिणेला जंगलाच्या कडेने डोंगरावर युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरी ही संस्था आहे. सारे तिला ‘एम्बल’ म्हणतात. १९७४ मध्ये ती स्थापन झाली आणि प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रथम उलगडणारे जॉन केंड्रू तिचे पहिले महासंचालक झाले. १९७८ मध्ये तिथे जॅक डुबोशे हे स्विस जीवभौतिकतज्ज्ञ रुजू झाले. सूक्ष्मदर्शकातल्या नमुन्यात पाणी कसे राखायचे, हा त्यांचा विषय. एखादे प्रथिन किंवा विषाणू न निवडता त्यांनी आधी पाण्यालाच अभ्यासाचा विषय केले, आणि त्यांच्या यशाचे खरे श्रेय या निवडीला द्यायला हवे.

कल्पना अशी होती, की पाणी इतक्या झटपट थंड करायचे की रेणूंना रांगेत बसून स्फटिक बनायला सवडच मिळू नये. द्रवात ते जसे अस्ताव्यस्त असतात तसेच जागच्या जागी थिजावेत. अशा घन पाण्याला काचरूप पाणी म्हणतात. वाफेपासून असे पाणी बनवता येते हे १९३५ पासून ठाऊक होते. द्रव पाण्यापासून ते बनणे अशक्य आहे, असे बहुतेक तज्ज्ञ मानत. १९८० मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक येथे ब्रुगेलर आणि मायर यांनी सूक्ष्म थेंबांवर ते साधल्याचे जाहीर केले. एम्बलमध्ये डुबोशे आणि त्यांचे सहकारी अलास्डेअर मॅकडॉवल यांनी १९८१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालीच त्याचा पुरावा दिला.

कृती ऐकायला साधी वाटते. पाण्याचा अतिशय पातळ थर जाळीवर घ्यायचा आणि द्रवरूप इथेनमध्ये झटकन बुडवायचा. इथेन आधी द्रव नायट्रोजनने थंड केलेले असते. थेट द्रव नायट्रोजन का नाही, तर त्यात ऊबदार वस्तू पडताच भोवतीचे नायट्रोजन उकळून वायूचा थर तयार होतो आणि, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब न चिकटता नाचत राहतो तशी, उष्णता अडून राहते. इथेन तसे उकळत नाही. नमुना सेकंदाला लाखभर अंश किंवा त्याहून जास्त वेगाने थंड होतो. सूक्ष्मदर्शकात त्या थरातून स्फटिकाचे ठिपके उमटले नाहीत. मग हळूहळू तापवत नेल्यावर उणे १४० अंशांच्या आसपास तोच थर एकाएकी स्फटिकमय झाला. याचा अर्थ आधी तो स्फटिक नव्हता. पाणी घन झाले होते आणि तरीही रचनेने द्रवासारखेच राहिले होते.

१९८४ मध्ये मार्क ॲड्रियन, डुबोशे, जाँ लेपो आणि मॅकडॉवल यांनी ‘नेचर’मध्ये याच रीतीने घेतलेली विषाणूंची चित्रे प्रसिद्ध केली. लेप नाही, रंग नाही, वाळवणे नाही. पाण्यात होते तसेच विषाणू. डुबोशे १९८७ मध्ये लोझान विद्यापीठात गेले. या तंत्राला पूर्ण धार यायला आणखी पाव शतक लागले, कारण इलेक्ट्रॉन थेट मोजणारे कॅमेरे आणि हजारो अंधूक चित्रांतून एक स्पष्ट रचना उभी करणारी गणिते यायची होती. २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल डुबोशे, योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांना मिळाले.

त्यानंतर दिसले काय? २०२० च्या फेब्रुवारीत, साथ सुरू होऊन काही आठवडेच झाले असताना, करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाची रचना याच तंत्राने टेक्सासमध्ये उलगडली. लस बनवणाऱ्यांना ती फार मोलाची ठरली. त्याच वर्षी एम्बल आणि फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटांनी अखंड विषाणू थिजवून पाहिले, तेव्हा त्या काट्याच्या दांड्याला तीन लवचीक सांधे असल्याचे आढळले. काटा ताठ नसून डोलतो, हे वाळवलेल्या नमुन्यात कधीच कळले नसते. आणि २०२० मध्येच केंब्रिज आणि गटिंगेन येथील दोन गट अपोफेरिटिन या प्रथिनाच्या बाबतीत सुमारे १.२ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्यापर्यंत पोहोचले. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. प्रथिनातले सुटे अणू आणि त्याला बिलगलेले पाण्याचे रेणू एकेक करून दाखवता आले.

हे बिलगलेले पाणी शोभेचे नसते. जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये क्ष-किरणांनी प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेची, फोटोसिस्टिम-दोनची, रचना काढली, तेव्हा तिच्या प्रत्येक अर्ध्यात तेराशेहून अधिक पाण्याचे रेणू ठरावीक जागी बसलेले दिसले. त्यांतले काही कच्चा माल म्हणून फुटायला येतात, काही प्रोटॉन बाहेर नेणाऱ्या वाटा बनतात. पीटर आग्रे यांनी १९९२ मध्ये ओळखलेल्या ॲक्वापोरिन या प्रथिनाचे तर कामच पाणी पेशीत येऊ-जाऊ देण्याचे. त्याच्या एका अरुंद वाटेतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू एका रांगेत जातात, पण प्रोटॉन जाऊ शकत नाही. एरवी पाण्यात प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत पळतो. या वाटेत मधोमध पाण्याच्या रेणूची दिशा फिरवली जाते आणि ती साखळी खंडित होते. मूत्रपिंडे दिवसाला दीडशेहून अधिक लिटर गाळतात आणि त्यातले बहुतेक पाणी परत शोषले जाते, ते बव्हंशी अशा वाटांमुळे.

सगळे सुटले आहे असे मात्र नाही. थिजायला लागणाऱ्या त्या सूक्ष्म क्षणात रेणू थोडे सरकत असतील का, यावर वाद आहे. पातळ थराच्या पृष्ठभागाला, जिथे पाण्याला हवा भिडते तिथे, प्रथिने चिकटून त्यांची घडी उलगडते, ही रोजच्या कामातली डोकेदुखी आहे. आणि खुद्द पाण्याबद्दल, अतिथंड अवस्थेत त्याचे दोन वेगळे द्रव होतात का, एक दाट आणि एक विरळ, हा १९९२ मध्ये पुढे आलेला प्रश्न अजून धगधगता आहे. प्रयोगांचा कौल अलीकडे ‘होतात’ या बाजूला झुकतो आहे.

बुन्सेन-किर्खहोफांचा वर्णपट इकडे आकाशाला भिडला आहे. शहराच्या डोक्यावरच्या क्योनिगश्टूल टेकडीवर माक्स प्लांक खगोलशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील गटाने जेम्स वेब दुर्बिणीने सुमारे ३७० प्रकाशवर्षे दूर असलेल्या पीडीएस-७० या तरुण ताऱ्याभोवतीच्या तबकडीत, पृथ्वीसारखे ग्रह जिथे घडू शकतात त्या आतल्या पट्ट्यात, पाण्याची वाफ असल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले.

पण आकाशापेक्षा मराठी वाचकाच्या जवळचा विषय जमिनीखालच्या पाण्याचा आहे, आणि तिथेही हायडेलबर्गचे देणे मोठे आहे. कार्ल ओटो म्युनिश यांनी १९५७ मध्ये तिथे दाखवून दिले, की भूजलात विरघळलेल्या कार्बनवरून त्याचे वय काढता येते. पाऊस मातीतून मुरताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतो, आम्लधर्मी होतो आणि चुनखडी विरघळवतो. मातीतल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ असतो, चुनखडीतल्या पुरातन कार्बनमध्ये तो उरलेला नसतो. या मिश्रणाचा हिशेब लावला आणि ५,७३० वर्षांचे अर्धायुष्य धरले की पाणी किती हजार वर्षांपूर्वी जमिनीत गेले हे कळते. शेकडो वर्षांच्या पट्ट्यासाठी आर्गॉन-३९ उपयोगी आहे, पण तो कमालीचा विरळ असतो. हायडेलबर्गच्या पदार्थवैज्ञानिकांनी लेसरच्या सापळ्यात त्याचे अणू एकेक मोजून २०१४ मध्ये भूजलाचे वय काढून दाखवले. उपसतो ते पाणी गेल्या पावसाचे की हजारो वर्षांपूर्वीचे, हे कळल्याशिवाय किती उपसावे हे ठरवता येत नाही.

मराठी अभ्यासकांना हायडेलबर्ग ठाऊक आहे ते बहुधा गुंथर सोन्थायमर यांच्यामुळे. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवणाऱ्या या जर्मन पंडिताने बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा आणि त्यांना मानणारे धनगर यांचा आयुष्यभर अभ्यास केला. पठारावरून पावसाळ्यानंतर कोकणाकडे उतरणारे धनगर पाऊस आणि चारा पाहून वाट ठरवतात. त्यांच्या वाटेखालचा खडक बदलतो तसे पाण्याचे रसायनही बदलते.

दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमधून झिरपलेले पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येते, म्हणून साबणाला फेस कमी आणि भांड्यांवर पांढरा थर जास्त. लोणारच्या विवरात पाणी शिरते, बाहेर वाहत नाही, आटत राहते. सोडियम कार्बोनेट साठून त्याचा पीएच दहाच्या आसपास पोहोचतो. जून २०२० मध्ये ते सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खारटपणावर पोसणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचे सांगितले. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हा याच रसायनाचा सर्वांत क्लेशदायक अध्याय. तिथल्या शेकडो गावांत भूजल सोडियमयुक्त आणि खारे आहे. ते शेताला दिले तर सोडियम काळ्या मातीच्या कणांमधला बांध सोडवतो, माती फुगून चिकट होते आणि पाणी मुरेनासे होते. विहीर असूनही शेत कोरडवाहू ठेवावे लागते.

यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या काही भागांत प्रश्न फ्लोराइडचा आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येते. खडकातल्या खनिजांतून फ्लोराइड सुटते. पाण्यात पुरेसे कॅल्शियम असेल तर ते कॅल्शियम फ्लोराइड होऊन बसते. कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असेल तर विरघळलेलेच राहते आणि माणसाच्या पोटात जाते. हाडे आणि दात ज्या खनिजाचे असतात त्यात पाण्याच्या रेणूशी नाते सांगणारा हायड्रॉक्साइड आयन असतो. फ्लोराइड आकाराने जवळपास तेवढाच, म्हणून तो त्याची जागा घेतो. थोडा असेल तर दात कणखर होतात. जास्त झाला की मुलांच्या दातांवर डाग पडतात, आणि वर्षानुवर्षे प्यायला गेला की सांधे आखडतात, कणा वाकतो. वाकलेले हाड पुन्हा सरळ करणारे औषध नाही.

नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची स्वस्त पद्धत बसवली; ती नलगोंडा तंत्र या नावाने ओळखली जाते. तिचे प्रमाण पाण्यागणिक ठरवावे लागते, गाळाची विल्हेवाट लावावी लागते आणि उरलेल्या ॲल्युमिनियमवर लक्ष ठेवावे लागते. पडद्यातून पाणी गाळणारी यंत्रे फ्लोराइड काढतात, पण त्याचबरोबर उपयुक्त क्षारही काढतात, आणि मागे अधिक खारट पाणी सोडतात. पावसाचे पाणी विहिरीभोवती जिरवून फ्लोराइड विरळ करणे हा तिसरा मार्ग. गावातल्या उथळ विहिरीचे आणि खोल बोअरचे पाणी वेगवेगळ्या खडकांतून आलेले असू शकते, तेव्हा एकाचा अहवाल दुसऱ्याला लावता येत नाही. प्रत्येक हापशाचे पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तपासून, कुठले पिण्याला आणि कुठले फक्त धुण्याला, हे हापशावरच रंगाने लिहिले पाहिजे.